ओएमएस नावाचा विद्यार्थी

महाराष्ट्रात इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरला असेल, तर 'टाइप' ही भानगड तुम्हाला माहीत असेलच. दहावी-बारावी महाराष्ट्रात झाली आणि डोमिसाइल आहे, तर तुम्ही टाइप ए. शिकलात बाहेर, पण आई किंवा वडील इथले अधिवासी आहेत, तर बी. पालक केंद्र सरकारच्या नोकरीत आणि बदली होऊन महाराष्ट्रात आलेले, तर सी. राज्य सरकारच्या नोकरीत असतील, तर डी. आणि कर्नाटकाशी वाद चालू असलेल्या सीमाभागातले, मातृभाषा मराठी, तर ई. ही पाच अक्षरं संपली, की उरलेल्या सगळ्यांसाठी एकच डबा: ओएमएस. आउटसाइड महाराष्ट्र स्टेट.

मी साहित्याचा माणूस, त्यामुळे फॉर्मही मजकूर म्हणूनच वाचतो. आणि मजकूर म्हणून हा फॉर्म भलताच बोलका आहे. ए ते ई या प्रत्येक अक्षरामागे एक गोष्ट आहे. सीमागे बदलीच्या ट्रंका आहेत, डीमागे दिल्लीतलं महाराष्ट्र सदन असू शकतं, ईमागे १९५६पासूनची बेळगावची जखम आहे. फॉर्म लिहिणाऱ्याने या माणसांचा बारकाईने विचार केलाय. ओएमएसमागे मात्र कुणीच नाही. ओडिशातल्या बलांगीरची मुलगी, हैदराबादेत तीन पिढ्या राहिलेल्या मराठी घरातला मुलगा, मणिपूरहून दंगलीमुळे बाहेर पडलेला विद्यार्थी हे सगळे एकाच डब्यात. ते कोण आहेत हे कुठेच लिहिलेलं नाही, ते कोण नाहीत एवढंच लिहिलंय.

राज्यातल्या मुलांसाठी साधारण ८५ टक्के आणि बाहेरच्यांसाठी १५ टक्के ही व्यावसायिक अभ्यासक्रमांतली ओळखीची वाटणी. तिच्याशी माझं भांडण नाही. विद्यापीठं राज्याच्या पैशावर चालतात, आणि गडचिरोलीच्या मुलीला गडचिरोलीजवळ जागा मिळणं हे पुण्याच्या कॅम्पसवर सतरा भाषा ऐकू येण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. दार तर थोडं उघडं ठेवलंय, मग त्या दारातून येणाऱ्याला आत काय मिळतं? आणि यायचं त्याला का वाटत नाही?

'महाराष्ट्रात बाहेरचे यायला तयार नसतात' हे उत्तर तर चालणारच नाही. पवईच्या आयआयटीत, देवनारच्या टिसमध्ये, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये देशभरातली मुलं जीव तोडून परीक्षा देऊन येतात. खासगी आणि अभिमत विद्यापीठांच्या हॉस्टेलांत उत्तरेतली आणि ईशान्येतली मुलं सर्रास दिसतात. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट लॉ कॉलेज रस्त्यावर आणि विद्यापीठ गणेशखिंडीत, मध्ये रिक्षाचं मामुली अंतर. शहर तेच, पाऊस तोच, घरमालकही तसलेच. तरी एका आवारात देश दिसतो आणि दुसऱ्यात प्रामुख्याने पुणे, नगर, नाशिक. पुणे विद्यापीठाला निदान परदेशी विद्यार्थ्यांची जुनी परंपरा आहे, इराणी आणि आफ्रिकी मुलं या शहराने दशकानुदशकं पाहिली आहेत. जळगाव, नांदेड, सोलापूरच्या विद्यापीठांबद्दल तर हा प्रश्न कुणी विचारतही नाही.

सिम्बायोसिसची जन्मकथा इथे आठवते. संस्थापक शां. ब. मुजुमदार ती अनेकदा सांगत आले आहेत. ते फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि वसतिगृहाजवळ राहायचे. एका मॉरिशसच्या विद्यार्थ्याला कावीळ झालेली, आणि त्याची बहीण खिडकीतून त्याला डबा देताना त्यांना दिसली, कारण मुलांच्या हॉस्टेलमध्ये मुलींना प्रवेश नव्हता. त्यातून १९७१मध्ये संस्था निघाली. तिचं पुढे काय झालं, फिया कुठे पोचल्या, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण या कथेत मला दिसतं ते असं, की पुण्यात बाहेरचा विद्यार्थी होता, आजारी पडत होता, आणि त्याच्याकडे बघणं हे कुणाच्याच नोकरीत बसत नव्हतं. ते काम एका खासगी संस्थेने उचललं आणि त्याचा पुढे व्यवसाय झाला. सार्वजनिक विद्यापीठांनी ते काम आपलं मानलंच नाही.

का मानलं नाही, याचं उत्तर १८५७मध्ये सापडतं असं मला वाटतं. मुंबई विद्यापीठ त्या वर्षी कलकत्ता आणि मद्रासबरोबर स्थापन झालं, लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या वाटायच्या. पण त्या परीक्षायंत्राचं क्षेत्र केवढं होतं बघा. कराचीचं कॉलेज मुंबईला संलग्न, अहमदाबादचं संलग्न, धारवाडचं संलग्न. सिंधी, गुजराती, कन्नड, मराठी मुलं एकाच मॅट्रिकला बसायची. 'बाहेरच्या राज्यातला' विद्यार्थी आणण्याची गरजच नव्हती, कारण राज्यच चार भाषांचं होतं. ही विविधता कुणी कमावलेली नव्हती, साम्राज्याच्या नकाशाने आयती दिलेली होती.

मग नकाशा बदलला. १९४९मध्ये पुणे, गुजरात आणि कर्नाटक अशी तीन विद्यापीठं मुंबईच्या पोटातून निघाली. १९५८मध्ये मराठवाडा, १९६२मध्ये शिवाजी, १९९०मध्ये उत्तर महाराष्ट्र. गोव्यातली कॉलेजंसुद्धा १९८५मध्ये गोवा विद्यापीठ येईपर्यंत मुंबईला जोडलेली होती. २००४मध्ये सोलापूर विद्यापीठ झालं, एका जिल्ह्यासाठी. प्रत्येक वेळी कारण रास्त होतं. सोलापूरच्या पोराने एका मार्कशीटच्या दुरुस्तीसाठी एसटीने कोल्हापूर गाठायचं, एक रात्र स्टँडवर काढायची, हे बंद व्हायलाच हवं होतं. पण कराचीपासून धारवाडपर्यंतचं क्षेत्र आकसत आकसत जिल्ह्यावर आलं, तेव्हा परीक्षायंत्र मात्र तसंच राहिलं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ उघडून पाहा. शेवटी अनुसूचीत प्रत्येक विद्यापीठाच्या नावासमोर जिल्ह्यांची नावं आहेत, तलाठ्याच्या दप्तरात गटनंबर असावेत तशी. विद्यापीठ म्हणजे हद्द, हा अर्थ कायद्यातच आहे.

हद्दीच्या मालकाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. संलग्न कॉलेजात बी.ए. करणाऱ्याला दुसरं सरकारी विद्यापीठ सहसा निवडता येत नाही, तो त्या हद्दीच्या विद्यापीठाचाच. आपल्याकडे कुणी का यावं, हा प्रश्न अशा संस्थेला कधी पडलेलाच नसतो. संकेतस्थळं चाळा. परिपत्रकं असतात, शुद्धिपत्रकं असतात, शुद्धिपत्रकाचं शुद्धिपत्रक असतं. पण सिल्चरच्या मुलाला समजेल असं 'तुम्ही इथे आलात तर कुठे राहाल, काय खाल, कोण शिकवेल' हे सांगणारं एक पान शोधून दाखवा. ही पानं कुलसचिव संलग्न कॉलेजच्या प्राचार्यांसाठी लिहितात, विद्यार्थी त्या पत्रव्यवहारात प्रतिलिपीपुरता असतो.

त्या यंत्राचं जे एकमेव काम, तेही वेळेवर झालं नाही की काय होतं ते २०१७मध्ये दिसलं. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायला घेतल्या आणि उन्हाळ्यातल्या परीक्षांचे निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. पुढच्या प्रवेशांची वाट बघणारी मुलं अडकली, परदेशी जाणाऱ्यांची तर झोपच उडाली. ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. मुंबईच्या मुलाने हे सगळं घरी बसून, आईच्या हातचं खात सोसलं. खोलीचं भाडं भरत बसलेल्या परगावच्या मुलाला निकालाचा एकेक आठवडा हजारांत पडतो. सीईटीच्या प्रवेशफेऱ्याही अनेकदा सप्टेंबरपर्यंत लांबतात. तोवर खासगी विद्यापीठांत एक चाचणी परीक्षा होऊन गेलेली असते. ज्याला रेल्वेचं आरक्षण करून यायचंय तो अशा वेळापत्रकावर भरवसा ठेवेल कशाला?

राहण्याचं तर बोलायलाच नको. विद्यापीठाची वसतिगृहं बहुतांशी आवारातल्या विभागांच्या विद्यार्थ्यांसाठी. संलग्न कॉलेजात आलात तर कॉट बेसिस. म्हणजे एका खोलीत चार किंवा सहा लोखंडी पलंग, खिडकीजवळच्या कॉटला जास्त पैसे, आणि 'नॉनव्हेज चालणार नाही' हे चावीच्या आधी. मेसच्या आमटीतली साखर हा पूर्वेकडून आलेल्या प्रत्येकाचा पहिला धक्का असतो. हे कोकणातल्या मुलालाही सोसावं लागतं, मान्य. पण त्याच्याकडे मावसभावाच्या मित्राचा नंबर असतो.

आता जातीकडे येऊ, कारण या विषयावरच्या चर्चांमध्ये नेमकं हेच गाळलं जातं. १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका खटल्याचा निकाल लागला. आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत मोडणाऱ्या समाजातला एक मुलगा, वडिलांच्या सार्वजनिक उपक्रमातल्या नोकरीमुळे मुंबईत वाढलेला. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्याला राखीव जागेवर प्रवेश हवा होता. न्यायालय म्हणालं, मिळणार नाही. जात-जमातीची यादी त्या त्या राज्यापुरती असते, एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत येत नाही. निकालामागे तर्क आहे: महाराष्ट्रातल्या आदिवासींच्या मूठभर जागा बाहेरच्यांनी घेऊ नयेत. पण परिणाम बघा. तेलंगणातली मादिगा समाजातली मुलगी आदिलाबादहून निघून किनवटमार्गे नांदेडला आली, की नकाशावरची एक रेघ ओलांडताच ती ओपन होते. केंद्राची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती तिला तिच्या राज्याकडून मिळू शकते, पण राज्याच्या राखीव जागेवर तिचा हक्क नाही. खुल्या गटातल्या गरीब मुलाचंही तेच, राजर्षी शाहूंच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती महाराष्ट्राच्या अधिवासींसाठी आहे. म्हणजे ओएमएसच्या दारातून आत येणं परवडतं ते बहुतेक करून पैसेवाल्याला. आणि पैसेवाला म्हणतो, पैसेच भरायचेत तर एसी हॉस्टेलवाल्या खासगीत का नको?

या फटीत सार्वजनिक विद्यापीठ अडकलंय. गरीब बाहेरचा येऊ शकत नाही, श्रीमंत बाहेरच्याला यायचं नाही. जेएनयूने एके काळी यावर वेगळा मार्ग काढला होता: मागास जिल्ह्यातून आलेल्यांना प्रवेशात जादा गुण आणि परवडणारं हॉस्टेल. अर्थात ते केंद्रीय विद्यापीठ, तिथे पैसा दिल्लीचा.

'आमच्या करातून बाहेरचे का शिकवायचे' हा वाद काही आजचा नाही. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात मध्य भारताबाहेरच्या मुलांकडून वेगळी कॅपिटेशन फी घेत, तेव्हा दिल्लीचा एक विद्यार्थी कोर्टात गेला होता. १९५५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती फी वैध ठरवली. १९८४च्या प्रदीप जैन खटल्यात तेच न्यायालय निवासाच्या अटींबद्दल बरंच कडक बोललं, आणि वैद्यकीयचा १५ टक्के अखिल भारतीय कोटा तिथून आला. जानेवारी २०२५मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं निवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरलं. न्यायालयं सत्तर वर्षं हे माप इकडेतिकडे सरकवत आहेत. विद्यापीठं मात्र या चर्चेत कधी बोलताना दिसत नाहीत, जणू विषय त्यांचा नाहीच.

भाषेचं कारण पुढे केलं जातं, तेव्हा मला राग येतो. 'वर्गात मराठी बोलतात म्हणून बाहेरचे येत नाहीत, सगळं इंग्रजी करा' असं म्हणणारे तज्ज्ञ मुबलक आहेत. वर्गात मराठी बोललं जावं, नक्की जावं. जर्मनीत शिकायला जाणारी आपलीच मुलं इथे रानडे इन्स्टिट्यूटच्या जर्मनच्या वर्गांना रांगा लावतात, कुणाची तक्रार नसते. अडचण ही आहे, की बाहेरून आलेल्या मुलीला पहिल्या सत्रात मराठी शिकवायची सोय, तीही फुकट, श्रेयांक देऊन, हा आपल्या विद्यापीठांचा नेम नाही. मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. पण शिकायला आलेला परका म्हणजे भाषेला आयता मिळालेला माणूस, हे आपल्याला सुचत नाही. आपण त्याला भाषा येत नाही यावरून ओळखतो. ऑक्टोबर २००८मध्ये मुंबई परिसरात रेल्वेभरतीची परीक्षा द्यायला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारलं, ते हातात हॉल तिकिट असलेले उमेदवार होते. त्या बातम्या पाटण्यात आणि गोरखपुरात ज्यांनी वाचल्या, त्यांची मुलं आज कॉलेजच्या वयाची आहेत.

मराठी कादंबरीकडे पाहिलं तर हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. आपल्याकडचा कॉलेजचा नायक बाहेरगावचा असतो, पण ते बाहेरगाव महाराष्ट्रातच असतं. १९६३च्या 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्यात येतो आणि त्याचं उपरेपण आपल्याला साठ वर्षं पुरलंय. 'दुनियादारी' सिनेमातला श्रेयस मुंबईहून पुण्याला येतो, तेवढंही नाट्याला पुरेसं होतं. पण सांगवीकरच्या शेजारच्या खोलीत एखादा मल्याळी किंवा आसामी मुलगा राहतोय, मेसच्या हिशेबावरून त्यांचं भांडण होतंय, तो याला त्याच्या भाषेतली एखादी शिवी शिकवतोय, असं पान मराठीत मला आठवत नाही. लेखकांनी ते टाळलं असं मी म्हणणार नाही. बहुधा शेजारच्या खोलीत कुणी नव्हतंच. मी एम.ए.ला होतो तेव्हा आमच्या वर्गात राज्याबाहेरचा एकच मुलगा होता आणि हजेरी घेताना त्याच्या नावाशी सरांचा अडखळा दोन वर्षं गेला नाही.

याची किंमत साहित्यालाच मोजावी लागते. कन्नडमधलं इतकं मराठीत येतं, कारण उमा आणि विरुपाक्ष कुलकर्णींसारखी दोन्ही भाषांच्या शिवेवरची माणसं पुण्यात राहिली, एकाने इकडून तिकडे नेलं, दुसऱ्याने तिकडून इकडे आणलं. बेळगाव-धारवाडचं येणंजाणं जुनं, म्हणून हे झालं. ओडिया, असमिया, मणिपुरीतून थेट मराठीत आणणारी माणसं बोटावर मोजावी लागतात. ती वसतिगृहातच तयार झाली असती.

राज्याचं विद्यापीठ देशभरातून मुलं ओढू शकतं का? शकतं, आणि उदाहरण शेजारीच आहे. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९चं, पुण्याच्याच वयाचं, राज्याचंच. फरक इतका, की ते कॉलेजं संलग्न करत सुटलं नाही, स्वतः शिकवत राहिलं. १९५०मध्ये तिथे ललित कला विद्याशाखा निघाली. शिकवायला कोण आले? इंदूरचे मराठी ना. श्री. बेंद्रे, शांतिनिकेतनातून आलेले शंखो चौधुरी, केरळचे के. जी. सुब्रमण्यन. मागोमाग विद्यार्थीही तसेच आले. मुंबईचे भूपेन खख्खर तिथे गेले आणि तिथलेच झाले. १९८०च्या दशकात तिथे मल्याळी तरुणांचा असा अड्डा जमला, की १९८७मध्ये त्यांनी रॅडिकल चित्र-शिल्पकारांची संघटनाच काढली. जाहिरात कुणी केली नव्हती. कोण शिकवतंय हे मुलांना कळलं होतं.

आपल्याकडे शिकवणारे कुठून येतात? सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट लागते. नेट देशभर चालते. आपली सेट पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. वर्षानुवर्षं पदं रिकामी राहतात आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मजुरीवर, स्थानिक मुलं-मुली शिकवतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे, पण त्या मानधनावर कोचीहून कुणी येणार नाही. मग विभागात बी.ए., एम.ए., पीएच.डी. आणि नोकरी एकाच इमारतीत झालेली माणसं उरतात. ज्या विभागात एकही शिक्षक बाहेरचा नाही, तिथे बाहेरचा विद्यार्थी का नाही हा प्रश्न थोडा विनोदी आहे.

एनआयआरएफच्या क्रमवारीने या सगळ्यावर एक आकडा चिकटवलाय. सर्वसमावेशकतेच्या रकान्यात प्रादेशिक विविधतेला ३० गुण आहेत, त्यातले २५ इतर राज्यांतल्या आणि ५ इतर देशांतल्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणावर. त्या रकान्याचं वजन एकूण गुणांच्या दहा टक्के. म्हणजे सगळं मिळून शंभरातले तीन गुण. या तिनासाठी हल्ली विद्यापीठांमध्ये समित्या नेमतात, माहिती मागवतात, तक्ते भरतात, आणि भरायला लागले की बाहेरच्या विद्यार्थ्याची एकदाची आठवण होते. अशाच एका तक्त्याचं काम करणाऱ्या मित्राला मी विचारलं, की या मुलांशी कुणी बोललंय का, ती का आली, तिला काय त्रास होतो. तो म्हणाला, तसा कॉलम नाहीये.